फियाट ११०० चे खात्रीचे पार्ट बेळगाव-कोल्हापूर भागात कुठं मिळतील?

वखारीतली फियाट (निपाणी)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे आजोबांची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट आहे. निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारीत बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. पावसात भिजली नाही, त्यामुळं पत्रा बऱ्यापैकी शाबूत आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ आणि डिकीचा एक कोपरा तेवढा गंजून गेलाय. इंजिन हातानं फिरतं. आरसी वडिलांच्या नावावर करून घेतली आहे. गाडी मूळ रूपातच उभी करायची, हे घरात सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मारुतीचं इंजिन टाका, पेट्रोल वाचेल, असं सांगणारे पुष्कळ भेटले. ते करायचं नाही.

अडलंय पार्टपाशी. किंग पिन (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं ती) आणि तिच्याभोवतीचे बुश दोन्ही बाजूंचे, चारही व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारे), पेडलकडचा मास्टर सिलिंडर, पुढच्या काचेचं रबर, एका बाजूच्या टेल लॅम्पची लाल काच, पुढच्या जाळीची एक पट्टी. सोलेक्स कार्ब्युरेटर आहे, पण त्याचा स्पिंडल, म्हणजे आतल्या झडपेचा दांडा, हलतो.

व्हील सिलिंडर एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवले होते. जाहिरातीत ‘ओरिजिनल, ओल्ड स्टॉक’ लिहिलेलं. डबा खरंच जुना आला, आतला माल मात्र परवा कुणीतरी लेथवर काढलेला. बोअरमध्ये, म्हणजे आतल्या भोकात, बोट फिरवलं की रेघा नखाला लागतात. परत घ्या म्हटलं तर फोन उचलत नाही. पैसे गेल्याचा राग आहेच, पण हा ब्रेकचा पार्ट आहे, या गाडीत माझी आई बसणार आहे. असा माल माणूस विकतो कसा, हेच मला समजत नाही.

बेळगाव, कोल्हापूर, संकेश्वर, गडहिंग्लज या पट्ट्यात कुणी खात्रीचं आहे का? की सरळ मुंबई गाठावी? आणि फोटो बघून माल मागवायचा झाला तर दुकानदार कसा पारखायचा?

उद्यमबागचा फिटर (बेळगाव)

भाऊ, सगळे पार्ट देणारा एकच सप्लायर शोधत बसू नका. तसा माणूस आता नाही, आणि ‘सगळं मिळेल’ म्हणणाऱ्यापासून तर चार हात लांबच राहा. मी उद्यमबागेत लेथ आणि फिटिंगवर आयुष्य काढलंय. घरात प्रीमियर प्रेसिडेंट आहे, ती अजून रोज बाहेर पडते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फियाटचे पार्ट इतकी वर्षं मिळत राहिले ते मुंबईच्या टॅक्सीमुळं. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून ११०० डी, म्हणजे तुमची डिलाइट, निघाली, १९७२ ला तिचीच प्रेसिडेंट झाली, १९७४ ला पद्मिनी, आणि २००० च्या आसपास उत्पादन थांबलं. रस्त्यावर काळ्या-पिवळ्या टॅक्सी मात्र राहिल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली, तिची २० वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ ला टॅक्सी म्हणून पद्मिनी बंद झाली.

हे सांगण्याचं कारण असं, की टॅक्सीत जे झिजायचं ते ढिगानं बनलं. किंग पिन, ब्रेकचे रबरी कप, क्लच प्लेट, गॅस्केट, पिस्टन-रिंग, टाय रॉड एंड. तो माल अजून दुकानांच्या माळ्यावर पडून आहे आणि टॅक्सी गेल्यावर दुकानदारांना तो मोकळा करायचाच आहे. याउलट टॅक्सीवाल्याला ज्याची पर्वा नव्हती ते कुणी बनवलंच नाही. क्रोमची पट्टी, बिल्ला, साठच्या दशकातल्या दिव्याची काच. तुमच्या यादीतली जाळीची पट्टी आणि लाल काच यात येतात. त्यातून तुमची गाडी १९६८ ची, पद्मिनी नाव पडण्याच्या आधीची. यंत्राचा भाग बहुतेक पद्मिनीचाच चालतो, पण पुढची जाळी आणि दिवे वेगळे. फोनवर ‘फियाटची जाळी’ एवढंच बोललात तर पद्मिनीची येणार. साल आणि फोटो, दोन्ही पाठवा.

तेव्हा यादीचे तीन भाग करा. विकत मिळणारं, इथं बनणारं, आणि जुन्या गाडीवरनं काढावं लागणारं.

किंग पिन विकत घ्या. पिन साध्या एमएस (मऊ लोखंडाच्या) रॉडची बनवून देणारे भेटतील, तसली घेऊ नका. वरून कडक केलेली आणि ग्राइंडिंग केलेली पिन लागते, नाहीतर थोड्याच दिवसांत तिच्यावर बुशचा खड्डा पडतो. बुश मात्र इथं फॉस्फर ब्राँझचे काढून घेतलेले मला तयार बुशपेक्षा बरे वाटतात. तयार सेटमधला बुश कधी पातळ पत्रा वळवलेला निघतो. बुश प्रेसवर बसवल्यावर किंचित आवळतो, म्हणून बसवून झाल्यावरच रीमर (भोक मापाला आणायचं हत्यार) फिरवायचा, तोही लांब रीमर, वरच्या आणि खालच्या बुशमधनं एका दमात. दोन्ही वेगवेगळे रीम केले तर भोकं एका रेषेत येत नाहीत आणि स्टिअरिंग जड होतं. पिनला तेल लावून अंगठ्यानं दाबली की ती सावकाश आत जायला हवी. आपल्या वजनानं खाली पडली तर भोक मोठं झालं, हातोडी लागली तर अजून एक हात रीमर हवा. आणि ग्रीसचा चर काढायला टर्नर विसरला नाही ना, हे बुश बसवायच्या आधी डोळ्यांनी बघा. निपलचं भोक आणि बुशचं भोक समोरासमोर आलं पाहिजे. ग्रीस भरल्यावर ते पिनच्या दोन्ही टोकांतनं बाहेर आलं की काम झालं.

व्हील सिलिंडरचं ऐका. तुमच्या गाडीवर आहेत ते मूळ सिलिंडर टाकून दिले नाहीत ना? कितीही गंजले असोत, जपून ठेवा. बेळगाव हायड्रॉलिकचं गाव आहे, सिलिंडरला होनिंग करणं, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करणं, इथल्या मुलांच्या हातचा मळ आहे. जुना सिलिंडर बोअर करून आत स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची स्लीव्ह, म्हणजे नळी, बसवायची आणि मूळ मापाला होन करायचं. बॉडी कंपनीची राहते, बोअर आरशासारखा होतो. मास्टर सिलिंडरलाही हेच, फक्त त्यात तेलाची बारीक भोकं असतात. स्लीव्हमध्ये ती त्याच जागी पाडून आतली कड गुळगुळीत करायला लागते. कड राहिली की कप कापला जातो. काम करणाऱ्याला हे आधी बजावा.

आत जाणारं रबर मात्र नवंच हवं. इथं ‘ओल्ड स्टॉक’ हा शब्द लोकांना भुलवतो. लोखंडाचा जुना स्टॉक सोन्यासारखा, रबराचा जुना स्टॉक कचरा. सीलबंद पाकिटातला कपसुद्धा पडून पडून कडक होतो. कप, डस्ट कव्हर, लवचिक ब्रेक पाइप, हे सगळं अलीकडच्या बनावटीचं बघून घ्या. पाइप बाहेरनं चांगला दिसतो पण आतनं फुगलेला असतो. मग दाबल्यावर तेल जातं, परत येत नाही आणि चाक जाम होतं. ब्रेक आणि स्टिअरिंगचा कुठलाही वापरलेला पार्ट घ्यायचा नाही, फुकट दिला तरी.

आता दुकानदार पारखणं. मी पहिल्यांदा कधीच मोठी ऑर्डर देत नाही. एखादं गॅस्केट, एखादा फिल्टर असं किरकोळ मागवतो. पॅकिंग कसं करतो, बिल देतो का, चुकीचं आलं तर काय बोलतो, एवढ्यातच माणूस कळतो. दुसरं, पार्टचा फोटो व्हर्नियर लावून मागतो. खरा दुकानदार कुरकुर करेल, पण माप घेऊन पाठवेल. जो नेटवरचा फोटो पाठवतो त्याच्याकडे माल नसतो, तुमचा अ‍ॅडव्हान्स आल्यावर तो शोधायला निघतो. आणि जो सरळ ‘हे माझ्याकडे नाही, अमक्याकडे बघा’ म्हणतो, त्याचा नंबर जपून ठेवा. माझे आजचे सगळे भरवशाचे दुकानदार असेच एकाकडून दुसऱ्याकडे मिळत गेले.

मुंबईला जायचं तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जा, पण यादी आणि जुने पार्ट पिशवीत घालून. बंगळूरचा जेसी रोड आणि शिवाजीनगरही सोडू नका. आपल्याकडचे लोक सारखे मुंबईकडं बघतात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी बंगळूर. जेसी रोडला नवा माल, शिवाजीनगरला जुना. कन्नड येत नसलं तरी शिवाजीनगरात आपली दखनी उर्दू मस्त चालते.

रंकाळा_६७ (कोल्हापूर)

फिटर काकांनी लिहिलंय त्यात किंग पिनचं एकदम पटलं. आमच्याकडं शिवाजी उद्यमनगरातही हे काम होतं. इंजिन खोलायची वेळ आली तर बोअरिंगला इथं या.

एक सांगतो. फियाटचा बोअर ६८ मिलिमीटर. माप घेऊन कुठला ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा किती मोठा पिस्टन, लागतोय ते काढा, त्या मापाचा पिस्टन सेट आधी हातात येऊ द्या, आणि मगच बोअरला हात लावू द्या. गॅरेजवाले घाई करतात, ब्लॉक बोअर करून मोकळे होतात आणि मग त्या मापाचा पिस्टन बाजारात नसतो. पिस्टन समोर ठेवून, त्याच्या मापानं बोअर करून घ्यायचं.

काचेच्या रबराचं. जुनं रबर कितीही तडकलेलं असू दे, त्याचा वीतभर तुकडा कापून जपा. त्याचा काप, म्हणजे आडवा छेद, बघूनच रबरवाला जुळवून देतो. पत्र्याची खाच किती, काचेची खाच किती, आणि क्रोमची पट्टी बसणारी तिसरी खाच आहे का, हे तिन्ही बघायचं. मीटरवर मिळणारं सरळ रबर कोपऱ्यात नीट वळत नाही, तिथनंच पावसाळ्यात पाणी गळतं. कोपरे साच्यात केलेलं तयार रबर मिळालं तर थोडे जास्त पैसे गेले तरी तेच घ्या. पुण्यात नाना पेठेत विचारा.

बसवताना रबर आधी काचेवर चढवा, मग बाहेरच्या खाचेत सुतळी घाला, टोकं आत गाडीत सोडा. साबणाचं पाणी लावून एकानं बाहेरनं काच दाबायची आणि दुसऱ्यानं आतनं सुतळी ओढत जायची. ओठ आपोआप पत्र्यावर चढतो. स्क्रू ड्रायव्हर घालून ओढाताण केली तर काच गेली म्हणून समजा, आणि पुढची वळणाची काच मिळवणं हे रबर मिळवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

खानापूरची अँबी (खानापूर)

आमची गाडी वेगळी, वडिलांची अँबॅसडर मार्क टू. पण शोधाशोध तीच, म्हणून लिहितेय. अँबॅसडरचा कारखाना पश्चिम बंगालात उत्तरपाड्याला होता आणि तो २०१४ पर्यंत चालू होता, त्यामुळं आमचं जरा सोपं. तरी मार्क टूची जाळी आणि आतली मीटरची पाटी इकडं कुठं मिळेना, शेवटी कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून आली. चेन्नईचं पुदुपेटही असंच आहे, जुन्या गाड्या सोडवून पार्ट विकणाऱ्यांची गल्लीच्या गल्ली. तिथं तुमची लाल काच मिळू शकते. भाषेची अडचण आली तर फोटो आणि आकडे पुरतात.

दूरचा माल मागवताना मी एक करते. व्हिडिओ कॉल लावायचा, दुकानदाराला पार्ट हातात घेऊन उलटापालटा करायला सांगायचा. काच असेल तर उजेडासमोर धरायला सांगायची, बारीक तडा लगेच दिसतो. मग पैसे. आणि पाठवताना लाकडी खोक्यातच पाठवायला सांगायचं, त्याचे वेगळे पैसे द्यायचे. आमच्या जाळीचं पुठ्ठ्याच्या खोक्यात काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

एक अगदी महत्त्वाचं. मूळ रूपात ठेवायची म्हणताय ते फार बरं करताय, त्याचा कागदोपत्रीही उपयोग आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नको. मारुतीचं इंजिन टाकलं असतं तर तो दरवाजाच बंद. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, पुढं नूतनीकरणाला ५ हजार. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. आईंना घेऊन आडीच्या डोंगरावर किंवा कोल्हापूरला अंबाबाईला जायचं असेल तर आहे ती साधी नोंदणीच चालू ठेवा आणि फिटनेस करून दर ५ वर्षांनी वाढवत जा. आम्ही तेच केलंय.

वखारीतली फियाट (निपाणी)

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नीट कुणी सांगितलंच नव्हतं. मूळ व्हील सिलिंडर आहेत, रॉकेलच्या डब्यात घालून ठेवलेत. काचेचं रबर अजून काढलेलं नाही, तुकडा जपून ठेवतो. नोंदणी साधीच ठेवणार, आई म्हणाली गाडी फिरली पाहिजे.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. गडहिंग्लजजवळ एका गावात शेताच्या कडेला १९६७ ची एक फियाट पडून आहे. इंजिन नाही, दोन दारं नाहीत, पण पुढची जाळी अख्खी दिसते आणि मागचे दोन्ही दिवे आहेत. मालक आख्खी गाडीच देतो म्हणतो, नुसते पार्ट काढून द्यायला तयार नाही. घ्यावी का? गाडी महाराष्ट्राच्या नंबरची, मी कर्नाटकात.

दुसरं, कार्ब्युरेटर नवा बघू की आहे तोच दुरुस्त करू?

उद्यमबागचा फिटर (बेळगाव)

रॉकेलमधून सिलिंडर आधी बाहेर काढा. गंज सुटायला ते ठीक, पण ब्रेकच्या रबराला रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल काहीच सोसत नाही, कप फुगतो. नवे कप घालण्याआधी बोअर, पाइप, सगळं स्पिरिटनं आणि मग ब्रेक ऑइलनंच धुवा.

गडहिंग्लजची गाडी बघायला जाताना आरसी आहे का हे पहिलं विचारा. नुसती जाळी बघून हरखून जाऊ नका. आरसी असेल आणि चासी नंबर जुळत असेल तर घ्या. गाडी तोडायची म्हणजे तिची नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं गाडी मोडीत निघाली की मालकानं १४ दिवसांत कळवायचं असतं. ते काम सध्याच्या मालकानंच त्याच्या आरटीओत करून दिलं तर उत्तम, तशी अट घालूनच सौदा करा. कागद नसतील तर हात लावू नका, कितीही स्वस्त असली तरी. राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर टेम्पोत अख्खी बॉडी घेऊन उभं राहायचं आणि कुणाची म्हणून सांगायचं? शक्य असेल तर पार्ट तिथंच सोडवून आणा, सोबत विक्रीचा करार आणि नोंदणी रद्द केल्याची प्रत ठेवा.

कागद नीट असतील तर नुसत्या जाळी-दिव्यांवर थांबू नका. दाराचे उरलेले हँडल, काच वरखाली करायची यंत्रं, डिकीची बिजागरं, वायपरची जोडणी, डॅशबोर्डची मीटर, आतल्या दिव्याची काच, बारीकसारीक स्क्रूसुद्धा. क्रोमचे हे छोटे स्क्रू पुढं मिळत नाहीत. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर कुठनं काढली ते लिहून. तुमच्या पायाखालच्या तळाचा पत्रा त्या गाडीत चांगला निघाला तर तोही कापून आणा. कंपनीच्या दाबलेल्या घड्या असलेला तुकडा वेल्डिंगला मिळाला तर नव्या सपाट पत्र्याचं नाव काढू नका.

कार्ब्युरेटर आहे तोच ठेवा. सोलेक्सचं नाव घालून विकतात त्यातले कितीतरी डाय-कास्टिंगमध्येच ओबडधोबड असतात. स्पिंडल हलतो म्हणजे तिथनं हवा ओढली जाते, आयडल (गाडी उभी असतानाचं इंजिनाचं चालणं) कधीच बसत नाही, लोक उगीच जेट, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकाच्या तोट्या, बदलत राहतात. स्पिंडलची भोकं रीम करून बारीक ब्राँझचे बुश बसवायचे, नवा स्पिंडल काढायचा. बटरफ्लायचे, म्हणजे त्या झडपेचे, दोन स्क्रू मागनं पिचून बंद करायला विसरू नका, ते सुटले तर सरळ इंजिनात जातात. गॅस्केट, नीडल व्हॉल्व्ह आणि पंपाचा पडदा यांचा किट नवा घ्या. जेटमध्ये तार घालून साफ करणाऱ्याला कार्ब्युरेटर देऊच नका. भोक एकदा मोठं झालं की ते जेट गेलं.

सिलिंडर, मास्टर आणि कार्ब्युरेटर, तिन्ही एका खोक्यात घालून बेळगावला घेऊन या. उद्यमबागेत स्लीव्हचं काम करणाऱ्याकडं मी स्वतः सोबत येतो. शुक्रवार सोडून या, त्या दिवशी लाइट जाते. येताना किंग पिनचा जुना सेटही आणा, बुशचं माप त्यावरनंच काढू.